आवाजाचे जतन

गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाला आठ-दहा दिवस उरले असताना आमच्या घरातील एक आवाज अकस्मात बंद पडला. पहाटे पाच वाजता बाईने नेहमीप्रमाणे आसन अंथरले, हात जोडले आणि मला म्हणाली, "लाव रे." मी मोबाइल हातात घेतला, तर पडद्यावर एक ओळ उमटली होती : मेमरी कार्ड वाचता येत नाही. कार्ड काढले, पुसले, पुन्हा बसविले. दुसऱ्या मोबाइलमध्ये घालून पाहिले. कार्ड गप्पच राहिले. त्या पहाटे बाईचे सामायिक प्रथमच शांततेत झाले.

आईला आम्ही बाई म्हणतो आणि वडिलांना भाऊ म्हणत होतो. भाऊ २०१८ साली गेले. पिशोर हे कन्नड तालुक्यातील, अंजना नदीच्या काठचे गाव. आले, मका आणि कापूस यांच्या हंगामावर इथली बाजारपेठ चालते, आणि त्याच हंगामावर आमचे दुकानही. भाऊंनी दुकान पन्नास वर्षे सांभाळले. पण दुकान उघडण्यापूर्वी भक्तामर म्हणण्याचा नेम त्यांनी एकही दिवस चुकविला नाही. बाईची दृष्टी आता फार अधू झाली आहे. पोथी वाचता येत नाही. त्यामुळे दोन घटिकांच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या तिच्या सामायिकाला त्या कार्डाचाच आधार होता. त्यात दोन प्रकारचे आवाज होते : काही विकत घेतलेले, आणि एक घरातला.

विकत घेतलेल्या आवाजांची हकिकत २०१३ सालची आहे. तेव्हा गावोगावी मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून मिळे. बाईसाठी मीही तसेच कार्ड भरून आणले. भाऊंनी विचारले, "ही गाणी त्याची आहेत का?" मी म्हणालो, "नाही, सगळेच असे भरून देतात." त्यावर ते एवढेच म्हणाले, "ज्याची नाहीत त्याने विकली, आणि आपण घेतली. अचौर्याचे व्रत तराजूपुरतेच असते का?" ते कार्ड मी परत केले नाही, पण पुसून मात्र टाकले. त्याच सुमारास आपल्या देशात गाण्यांच्या फाइली रीतसर विकणारी दालने सुरू झाली होती. मी एका दालनातून स्तवने, स्तोत्रे आणि आरत्या अशी ३६ गाणी घेतली. प्रत्येकी १२ रुपये, एकूण ४३२. भाऊंनी वहीत खर्च मांडला आणि हसून म्हणाले, "माल दिसत नाही, बिल मात्र आले. हवा विकत घेतलीस!"

त्या विनोदातील खरा अर्थ मला अकरा वर्षांनी कळला.

कार्ड गेल्यावर मी स्वतःची समजूत घातली की, गाणी विकत घेतलेली आहेत, पावती आहे, पुन्हा उतरवून घेऊ. दुकानदाराच्या मनाला हे सहज पटते. परंतु या बाजाराची रीत वेगळी आहे. आपण दुकानातून साखर नेतो तेव्हा साखर आपली होते. डिजिटल गाणे घेताना बहुतेक ठिकाणी आपल्याला ते ऐकण्याचा परवाना मिळतो, आणि तो परवाना एका खात्याशी बांधलेला असतो. खाते उघडले तर माल. खाते हरवले तर पावती असूनही काही नाही. मी खाते कोणत्या ई-मेलवर काढले होते हेच आठवेना. जुन्या पत्रपेटीत शोधाशोध करून खरेदीची पावती सापडली, तेव्हा पत्ता कळला. परवलीचा शब्द विसरलो होतो. नवा मागितला, तर खातरजमेचा आकडा ज्या मोबाइल क्रमांकावर जाणार होता तो क्रमांक मी कधीच सोडून दिलेला. न वापरलेला क्रमांक काही काळाने बंद होतो आणि दुसऱ्या कोणाला दिला जातो, हे मला ठाऊक होते; पण माझ्या घराच्या किल्लीचा जुडगा त्याच क्रमांकाला टांगलेला आहे, हे कधी ध्यानात आले नव्हते. चार दिवस पत्रव्यवहार झाला, ओळख पटवून दिली, तेव्हा कोठे ते खाते उघडले.

खरेदीच्या यादीत ३६ नावे दिसत होती. एकेक उतरवीत गेलो. ३२ गाणी आली. चार नावे फिकट रंगात होती. ती दाबली तरी काही होईना. त्या गाण्यांचे हक्क दुसऱ्या कोणाकडे गेले असावेत, किंवा ती विक्रीतून काढली असावीत. कारण सांगितलेले नव्हते.

माझे नशीब तसे बरेच म्हणायचे. आपल्याकडे फ्लिपकार्टने 'फ्लाइट' नावाचे गाणी विकण्याचे दालन फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडले आणि जून २०१३ मध्ये बंद केले. माझी खरेदी तिथली नव्हती. तिथल्या ग्राहकांना आपापल्या फाइली उतरवून घेण्यासाठी मुदत दिली गेली. त्या मुदतीत ज्यांनी प्रत करून ठेवली त्यांची गाणी आजही वाजत असतील. परदेशात २०१९ साली 'मायस्पेस' या संकेतस्थळाने कबूल केले की, २०१५ पर्यंत लोकांनी तिथे ठेवलेले संगीत सामान हलविताना नष्ट झाले. मोठ्या घरची कोठीही रिकामी होऊ शकते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला : डिजिटल वस्तूच्या विक्रीत 'खरेदी' हा शब्द वापरायचा असेल, तर ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जी वस्तू कायमची उतरवून घेऊन इंटरनेटविना वापरता येते, तिला या नियमातून वगळले आहे. कायद्याने ओळखलेला हा फरक आपणही ओळखावा. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या ॲपमध्ये 'डाउनलोड' म्हणून जे साठते ते कुलूपबंद असते. वर्गणी थांबली की ते वाजत नाही. खरी फाइल ती, जी आपण उचलून दुसऱ्या डब्यात ठेवू शकतो.

असो. ३२ गाणी आली याचा मला मोठा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती लावली. बाई शांतपणे ऐकत राहिली. शेवटचे स्तवन संपले. तिने क्षणभर वाट पाहिली आणि विचारले, "अन् ह्यांचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या कार्डातला घरातला आवाज भाऊंचा होता. २०१४ च्या दशलक्षणात एका पहाटे त्यांना न सांगता मी मोबाइल त्यांच्यामागे ठेवला आणि त्यांचे संपूर्ण भक्तामर टिपून घेतले होते. २६ मिनिटांचे मुद्रण. मध्ये एकदा खोकला, दूरवर एक मोटारसायकल, आणि बाईने ठेवलेल्या तांब्याचा आवाज. गायक म्हणून भाऊंना कोणी ओळखले नसते. परंतु बाई रोज आधी विकत घेतलेली स्तवने ऐके आणि शेवटी त्यांचे भक्तामर; आणि ते चालू असताना तिचे ओठ हलत. चार गाणी परत आली नाहीत याची तिने विचारपूसही केली नाही.

इथे मला एक साधी गोष्ट उमगली. विकत घेतलेल्या वस्तूला निदान एक दुकान असते. आज ना उद्या, भांडून वा विनवून, तिथे पुन्हा मागता येते. घरातल्या आवाजाला दुकान नसते. मी ४३२ रुपयांच्या मालासाठी चार दिवस धावपळ केली. पण ज्याची किंमतच होऊ शकत नाही, त्याची दुसरी प्रत करण्यासाठी दहा वर्षांत दहा मिनिटे काढली नव्हती. सगळे एकाच कार्डात, नखाएवढ्या तुकड्यात ठेवले होते. असे कार्ड माहिती सूक्ष्म कप्प्यांतील विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते. ते झिजते, आणि कित्येकदा कुरकुर न करता एकाएकी मरते. शहरातील एका जाणकाराकडे ते कार्ड नेले. त्याने दोन दिवस खटपट केली आणि हात जोडून परत दिले.

त्या दिवसांत मला वारंवार आठवत होते ते भाऊंच्या तोंडून ऐकलेले कुंथलगिरी. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथे सल्लेखना घेतली. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. आमचे आजोबा दर्शनाला गेले होते. ८ सप्टेंबर १९५५ रोजी, सल्लेखनेच्या २६ व्या दिवशी, महाराजांनी मराठीतून अखेरचा उपदेश केला, आणि तो ध्वनिमुद्रित झाला. सुमारे २२ मिनिटांचा तो आवाज आहे. १८ सप्टेंबरला महाराजांचे समाधिमरण झाले. ज्यांनी त्या दिवशी यंत्र सुरू केले त्यांचे उपकार आहेतच. पण फितीवरचा तो आवाज पुढे कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर आणि आता मोबाइलवर आला, तो प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी नव्या साधनावर त्याची नक्कल करून ठेवली म्हणून. मूळ फीत एकाच पेटीत कुलूपबंद राहिली असती, तर आज आपण काय ऐकले असते?

आपला सारा श्रुताचा इतिहासच प्रतींचा इतिहास आहे. गिरनारच्या गुंफेत आचार्य धरसेनांना काळजी पडली की आपल्याबरोबर हे ज्ञान लोपेल. म्हणून त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून घेतले. दोघांना, एकाला नव्हे. पुढे षट्खंडागम ग्रंथबद्ध झाला आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला त्याची पूजा झाली. तीच आपली श्रुतपंचमी. दहाव्या शतकात कर्नाटकातील अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात एका ग्रंथाला तिने हजार घरे मिळवून दिली.

याउलट धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांतच राहिली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची नक्कल सुरू झाली. नक्कल करणाऱ्या गजपती उपाध्यायांनी गुपचूप आणखी एक प्रत तयार केली. ती सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून इतर प्रती झाल्या. त्या प्रतींच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ साली अमरावतीहून धवलेचा पहिला खंड प्रकाशित केला. पुढे मूळ ताडपत्रांशी ताडून पाहताना एका सूत्रात नकलेतून गळलेला एक शब्द सापडला. म्हणजे नक्कल करणे पुरेसे नसते. ती मुळाशी ताडून पाहावी लागते. हा धडा मला लवकरच घरच्या घरी मिळायचा होता.

माझी ताई चाळीसगावला असते. कन्नडचा घाट उतरला की तिचे घर. भाऊंच्या आवाजाची गोष्ट मी तिला फोनवर सांगितली, तेव्हा ती थोडी थांबून म्हणाली, "अरे, माझ्या सासूबाई रोज ऐकतात की ते!" भाऊ गेले त्या वर्षी तिने माझ्या मोबाइलवरून ते मुद्रण घेऊन सासूबाईंच्या साध्या बटणाच्या मोबाइलमध्ये घातले होते. मला त्याची आठवणही नव्हती. मी त्याच दिवशी घाट उतरलो.

आवाज होता. भाऊच होते. खोकला, मोटारसायकल, तांब्या, सगळे होते. पण २९ वा श्लोक संपला आणि आवाज थांबला. नक्कल करताना ते छोटे कार्ड भरले असावे. उरलेले १९ श्लोक त्यात उतरलेच नव्हते. ताईने कधी शेवटपर्यंत ऐकून पाहिले नव्हते, आणि तिच्या सासूबाईंना वाटत आले होते की व्याह्यांनी एवढेच म्हटले असेल. उरलेल्या १९ श्लोकांची प्रत आता जगात कोठेही नाही. पण जे उरले ते कशामुळे उरले? मी जपले म्हणून नाही. ताईने दुसऱ्याला दिले म्हणून. शास्त्रदानाचे महत्त्व मी प्रवचनात अनेकदा ऐकले होते. देणे हाही जतनाचा मार्ग आहे, हे त्या दिवशी कळले.

परत आल्यावर पहिल्या पहाटे मी ते लावले. बाई सावरून बसली. २९ वा श्लोक संपला, खोलीत शांतता पसरली. मी काही समजावून सांगणार, तोच बाईने डोळे न उघडता ३० वा श्लोक सुरू केला. आवाज कापरा होता, पण चाल भाऊंचीच. साठ वर्षे ती चाल तिच्या कानावर पडत होती. मी हलक्या हाताने मोबाइल तिच्याजवळ सरकवला आणि मुद्रण सुरू केले. ४८ व्या श्लोकापर्यंत ती कोठेही अडली नाही. आता आमच्या घरच्या भक्तामरात २९ श्लोक भाऊंचे आहेत आणि १९ बाईचे.

त्यानंतर मी घरातील या मालाची नीट व्यवस्था लावली. ती इथे सांगतो, कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेच एखादे कार्ड असेल. जाणकारांचा एक सोपा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. आमची एक प्रत घरच्या संगणकावर आहे. दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, दुकानाच्या तिजोरीत वह्यांशेजारी. तिसरी चाळीसगावला ताईकडे. विकत घेतलेली ३२ गाणी सगळी मिळून साडेतीनशे एमबीच्या आत बसतात आणि भाऊंचे-बाईचे भक्तामर सुमारे २५ एमबीमध्ये. आजच्या लहानात लहान पेनड्राइव्हचाही कोपराच व्यापला जातो. अडचण जागेची कधीच नव्हती. खरेदीच्या पावत्या, खात्याचा ई-मेल आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक एका कागदावर लिहून तोही तिजोरीत ठेवला आहे. मोबाइल क्रमांक बदलायचा असेल, तर आधी ही सगळी खाती नव्या क्रमांकाला जोडावीत, मग जुना सोडावा.

ताईला देताना मात्र मी दोन डबे वेगळे ठेवले. भाऊ-बाईंचा आवाज तिने हवा त्याला द्यावा; तो वाटण्यासाठीच आहे. विकत घेतलेल्या गाण्यांची प्रत तिच्याकडे आमची सांभाळ-प्रत म्हणून मोहोरबंद पाकिटात आहे. तिला ती गाणी ऐकायची होती, तेव्हा तिने स्वतः विकत घेतली. समाजाच्या गटावर ती पाठवावीत असे दोघा-तिघांनी सुचविले. मी नम्रपणे नकार दिला. स्वतःच्या वस्तूची काळजी घेणे वेगळे आणि दुसऱ्याच्या मेहनतीचे मोल बुडविणे वेगळे. भाऊंनी २०१३ साली विचारलेला प्रश्न अजून वहीत मांडलेला आहे, असे मला वाटते.

आणखी एक शंका मनात आली : हे सारे साठविणे म्हणजे परिग्रहच नव्हे का? तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाचे मूळ वस्तूत न सांगता मनाच्या आसक्तीत सांगितले आहे. मी मोबाइल उघडून पाहिला. सुप्रभातच्या फुलांची, कोणाकोणाच्या वाढदिवसांची आणि पुढे ढकललेल्या चित्रफितींची हजारोंची रास होती. त्या राशीतच भाऊंचा आवाज हरवण्याच्या बेतात होता. ती रास मी दोन रात्रींत पुसली. काय ठेवायचे हे ठरविल्याशिवाय जतन होत नाही. मर्यादा घातली की जे उरते त्याकडे लक्ष देता येते.

'जतन' हा आपला मराठी शब्द यत्नापासून आला आहे. मुनिराज कमंडलू वा शास्त्र उचलताना आणि ठेवताना जागा पाहतात, पिंछीने हलकेच स्वच्छ करतात. त्या आदान-निक्षेपण समितीत अहिंसा हा हेतू असला, तरी उचलण्या-ठेवण्यातही जागे राहावे ही शिकवण गृहस्थालाही घेता येते. आम्ही श्रुतपंचमीला घरातील शास्त्रे काढतो, धूळ झटकतो, वेष्टन बदलतो आणि अर्घ्य वाहतो. या वर्षीपासून त्या दिवशी तिन्ही डबे उघडण्याचा नेम केला आहे. ताई चाळीसगावला तिची प्रत लावते, मी पिशोरला माझी. आणि पहिल्या श्लोकापासून ४८ व्या श्लोकापर्यंत पूर्ण ऐकतो, मधले काही न गाळता.

गेल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला ऐकणे संपल्यावर बाई म्हणाली, "ह्यांचा आवाज अजून तस्साच आहे. माझा मात्र म्हातारा झाला." मी म्हणालो, "बाई, दोन्ही आवाज आता ताईकडेपण आहेत." ती जरा वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, "मग चौथी प्रत नातवाला पाठ करून घे. तिला कार्ड लागत नाही."

नातू सध्या सातव्या श्लोकावर आहे.